परातीतली चिंच

आई, कशी आहेस? बाबांचा खोकला थांबला का? मोठ्या आत्याचे गुडघे काय म्हणतात? आणि मावशीनं तुझ्याशी धरलेला अबोला तिकडे तरी सोडला का? तुम्ही सगळे एकेक करून गेलात, म्हणून सगळ्यांचं तुलाच विचारून घेते. मी बरी आहे. साखर जरा वर, बाकी ठीक. पण चिंचेचं बरं नाही, आणि त्या धास्तीनं चार दिवस अन्न गोड लागत नाही.

आमटीच्या चिंचेतला एक चिंचोका तू सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत रुजवलास, खिळ्यानं भोकं पाडलेल्या जुन्या परातीत. बोन्साय हा शब्द आपल्याला फार पुढे कळला. शेजारच्या पंजाबी काकू विचारायच्या, "बहनजी, ये बच्चा बड़ा क्यों नहीं होता?" तू म्हणायचीस, "बड़ा होगा तो साथ कैसे आएगा?" क्वार्टर बदलायचं, परात मांडीवर घेऊन तू टेम्पोत पुढे बसायचीस. दर दोन-तीन वर्षांनी तू परात उपडी करायचीस, कात्रीनं मुळं भादरायचीस आणि म्हणायचीस, "झालं, न्हाव्याकडे जाऊन आलं." पण होळी झाल्यावरच. आधीचं एक रोप तू संक्रांतीला कापलंस आणि ते गेलं. "हे सांगली नव्हे, दिल्ली आहे. होळी पेटल्याशिवाय मुळाला हात लावायचा नाही," हे तेव्हापासून आपल्या घरात ठरलं.

थंडीत ती निष्पर्ण व्हायची. मी दहा वर्षांची असेन, ती मेली असं वाटून मी नखानं तिचं खोड खरवडलं. तू फाडकन हातावर मारलंस. "निजलेल्या माणसाला चिमटे काढून बघतेस होय गं, जिवंत आहे का म्हणून?" मग मी रडायला लागले तेव्हा जवळ घेऊन तूच शिकवलंस, की अगदीच राहवलं नाही तर शेंड्यापासून खाली यायचं, सालीखाली हिरवं दिसलं की थांबायचं.

यंदा मी बाथरूममध्ये पडले. लेक म्हणाली, "आई, बस्स झालं. आता गुरुग्रामला माझ्याकडे चलो. डिसेंबरात मला सुट्टी आहे, तेव्हाच शिफ्ट करू." दिल्लीतलं माझं द्वारकेचं घर तळमजल्यावरचं, तू गेल्यापासून परात मी मागच्या मातीवरच ठेवलेली, उपडी कधी केलीच नाही. उचलायला गेले तर उचलेना. सामान न्यायला आलेला माणूस म्हणाला, "माताजी, ये तो ज़मीन पकड़ के बैठा है." परातीच्या भोकातून अंगठ्याएवढं मूळ खाली गेलेलं. इतकी वर्षं मला वाटत होतं झाड परातीत जगतंय. ते गुपचूप जमिनीवर जगत होतं गं. बाहेर टेम्पो उभा, लेक घड्याळ बघतेय, आणि ऐन पौषातल्या गारठ्यात मी माझ्याच तोंडानं म्हटलं, "काटो."

करवतीचा तो आवाज अजून कानात आहे. आता पाडवाही होऊन गेला. एव्हाना पोपटी फूट यायची. इथे लेकीकडे एकोणिसाव्या मजल्यावर वारा तेवढा घोंघावतो आणि काड्या थरथरतात. परवा शेंडा खरवडला, तपकिरी. त्याखाली बोटभर, तपकिरी. काल जिथे तीन फांद्या फुटतात तिथवर आले, तिथेही कोरडं. आता खोडच उरलंय. हात तिकडे जाऊ नये म्हणून सकाळी सगळी नखं कापून टाकली. हसू नकोस. तुझ्या हातचं लोणचं संपलं, तुझी पातळं विरली; तुझ्या हातचं वाढणारं असं हे एकच राहिलंय, आणि खोड तपकिरी निघालं तर मग विचारायलाच काही उरणार नाही.

लेक ऑफिसला निघताना रोज विचारते, "आई, हिरवं आहे ना?" घाई आपण केली हे तिच्या मनाला लागलंय. आज मी सांगून टाकलं, "बिल्कुल हिरवं आहे. बघितलं मी." ती हसली, माझा गालगुच्चा घेतला आणि लिफ्टकडे पळाली. मी बघितलेलं नाही, आई. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मलाही कळतं. तरी दोन ओळी लवकर धाड. खरवडू, की अजून आठ दिवस थांबू?