दानधर्माच्या सदरात गोरेगावची जागा

गोरेगाव (पूर्व),
४ जून २०२४

चि. अनंत यास,
अ. उ. आ.

मी खुशाल आहे. तू, गार्गी आणि मिहिरही खुशाल असाल असं धरून चालते, कारण तुला फोन केला की हल्ली तुझ्याऐवजी एक बाई बोलते. तक्रार नळाची असेल तर एक दाबा, विजेची असेल तर दोन. धाकट्या भावाची असेल तर काय दाबायचं ते ती सांगत नाही. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

काल मला मेसेज आला, 'प्रिय भाडेकरू, आपला अकरा महिन्यांचा करार संपत आहे. जागा रिकामी करण्याची तारीख कळवा.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. बाबा गेले, तेव्हा तुझा मिहिर अजून चड्डीत होता, तेव्हापासून मी या घरात राहते आहे. करार केल्याचं मला तरी आठवत नाही. हसून सोडून दिलं. पण आज सकाळी एक दलाल तरुण जोडप्याला घेऊन दारात उभा! भली पोरं होती बिचारी. मुलीने ओट्याची लांबी मोजली आणि अगदी अदबीने विचारलं, की काकू, तुम्ही कधी निघताय. मी त्यांना चहा दिला. साखर कमी घातली, तेवढाच राग काढला.

तुमच्याकडे नक्की काय चाललंय ते सविस्तर लिही. नळही गळतोय, पण ते मी एक दाबून सांगेन.

माया आहे तशी राहू दे, तिला भाडं लावू नकोस.

तुझी ताई,
उत्तरा

मुलुंड (पूर्व),
९ जून २०२४

ती. उत्तराताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून गार्गी पोट धरून हसली आणि मी घामाघूम झालो. चूक सगळी सॉफ्टवेअरची. मिहिरने आपल्या चारही जागा त्यात घातल्यात. मुलुंडची ही राहती, घाटकोपरच्या दोन आणि तू राहतेस ती. त्याचं म्हणणं, माझा वहीतला कारभार म्हणजे अंधारात चाचपडणं. आता पहिल्या तारखेला पावत्या आपोआप जातात, आठवण आपोआप जाते, दंडही आपोआप लागतो. घाटकोपरच्या शिवदासला तर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि थकबाकीची नोटीस एकदमच गेली. त्याने दोन्हींबद्दल आभार मानले. गार्गीला कर्मचारी म्हणून घातलंय. पगाराच्या रकान्यात काहीच नाही, म्हणून यंत्र तिला अधूनमधून विचारतं, की आपण नोकरी सोडली आहे का.

तुझी अडचण अशी, की त्या यंत्राला जागेत भाडेकरू तरी लागतो, नाहीतर जागा रिकामी तरी. बहीण हा पर्यायच नाही. म्हणून मिहिरने तुला भाडेकरू केलं, निव्वळ कागदोपत्री. कराराची मुदत यंत्राने स्वतःच धरली, भाडं येईना तेव्हा परस्पर जाहिरातही देऊन टाकली. मी मिहिरला चांगलं झापलंय. येत्या रविवारी तो येऊन सगळं ठीक करील. पोरगं हुशार आहे, पण घरातल्या जुन्या गोष्टी त्याला फारशा ठाऊक नाहीत. तूही त्या काढत बसू नकोस, उगाच डोकं खाईल.

मीही पत्रच लिहितोय, कारण फोनवरचं सगळं यंत्र नोंदवून ठेवतं आणि मिहिर ते वाचतो.

लोभ आहेच, त्याची पावती मागू नकोस.

तुझा,
अनंत

गोरेगाव (पूर्व),
१६ जून २०२४

चि. अनंत यास,
आशीर्वाद.

मिहिर आला. नळ स्वतः दुरुस्त केला, माझ्या हातची थालीपिठं मागून मागून खाल्ली. गुणी आहे, त्यात वाद नाही. मग मोठ्या कौतुकाने लॅपटॉप उघडून म्हणाला, की आत्या, तुला भाडेकरूंतून काढलंय, आता नोटीस येणार नाही. कुठे ठेवलंय ते मी वाचलं. गोरेगावची जागा, सदर दानधर्म. वर अनाथाश्रमाची देणगी, खाली भटक्या मांजरांचा दवाखाना, मधे मी. कुणी सुचवलं विचारलं, तर म्हणाला, बाबांनी. आणि बाबा इतकी वर्षं तुला सांभाळतात याचा आम्हाला फार अभिमान वाटतो, असंही म्हणाला.

अनंत, मला फार वाईट वाटलं. नोटीस वाचून वाटलं नव्हतं इतकं. तू नको म्हणाला होतास, तरी मी त्याला सांगून टाकलं, की बाळा, चारही जागा तुझ्या आजोबांच्या, त्यात निम्मा वाटा माझा होता. तुझे बाबा म्हणाले, बहिणी हक्क सोडतातच, नाहीतर चारचौघांत बरं दिसत नाही. गोरेगावचं घर मात्र ताई, तुझंच, लिहून कशाला ठेवायचं, आपण काय परके आहोत का. मी हक्कसोडपत्रावर सही केली. वर पेढेही मीच आणले.

मला घाटकोपर नको, मुलुंड नको. पण माझं घर मला दान म्हणून नको. आज तू आहेस. उद्या मिहिर असेल, परवा नुसतं यंत्रच असेल. मला कुठल्या सदरात टाकायचं ते तेव्हा कोण ठरवणार? या घरातून मला कुणी काढू शकणार नाही, एवढं मला लिहून हवं आहे, आणि तू धडधाकट असताना हवं आहे.

बाकी क्षेम. गार्गीला आशीर्वाद सांग. तुला दिलेत ते जपून वापर.

उत्तरा

मुलुंड (पूर्व),
२२ जून २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राच्या आधी मिहिर घरी पोहोचला. आम्ही जेवायला बसत होतो. त्याने एकच विचारलं, की आत्या म्हणते ते खरं का. मी म्हणालो, त्या काळी पद्धतच तशी होती. त्यावर गार्गीने आमटीचा डाव खाली ठेवला आणि विचारलं, की तिच्या माहेरच्या जागेसाठी मी तिच्या भावाशी कोर्टात भांडलो, तेव्हा ही पद्धत कुठे गेली होती. तुला ठाऊकच आहे, ती केस मी जिंकलो होतो. आमटी काही मला मिळाली नाही. पुढचे चार दिवस घरात माझ्याशी फक्त यंत्र बोलत होतं.

वकिलाकडे जाऊन आलो. गोरेगावची जागा बक्षीसपत्राने तुझ्या नावावर करतोय. नाव वाचून चिडू नकोस, घेतलेलं परत करण्याचा वेगळा नमुना सरकारने काढलेला नाही. गुरुवारी बोरिवलीच्या नोंदणी कचेरीत यायचंय. आधार कार्ड आणि फोटो आण. मिहिर तुला न्यायला येईल.

आज सकाळी त्याने ती जागा यंत्रातून काढली. काढताना यंत्र कारण विचारतं. विकली, पडली, पाडली, एवढेच पर्याय. मिहिरने त्यातला एकही निवडला नाही. खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, 'आपली नव्हतीच.' मी मागेच उभा होतो. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, की दाब.

या धाकट्यावर माया असू दे. मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
अनंत