नळीवरच्या रेघा

मुलुंगा मिशन दवाखाना,
झोंबा जिल्हा
१४ जून

चि. लिंबानीस,
ताईचे आशीर्वाद. आई बरी आहे. आपल्याकडच्या जूनच्या थंडीने गुडघे धरलेत, पण मक्याच्या पिठाची न्सिमा स्वतःच घोटते, मला पळीला हात लावू देत नाही. दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही, म्हणून मीच लिहितेय.

प्रयोगशाळेत नवा कॉम्प्युटर आलाय आणि त्याने माझा जीव खाल्लाय. रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायच्या तू इथे कामाला असताना सुरू केलेल्या त्या बारकोडच्या चिठ्ठ्या! एक्सेलमधली यादी उघडली तर रेघांच्या जागी नुसते आकडे. आकड्यांच्या रेघा करणारा तो फॉन्ट म्हणे यात नाही. टाकला. तुझी यादी संपत आलेली, म्हणून पुढचे नंबर मी टाइप केले. रेघा कशा सुबक आल्या! पण वाचणारं यंत्र मुकं. कागद बदलला, शाई बदलली, शिव्याही घातल्या. तीन दिवस हाताने चिठ्ठ्या लिहितेय.

शेवटी दुरुस्तीवाला फात्सानी आला. बघून हसला.
"अहो मॅडम, नंबराच्या पुढे-मागे चांदणीची (*) खूण कुठाय? तिच्यावाचून यंत्राला कळणार कसं, कुठं सुरू नि कुठं संपलं?"
"ती कचऱ्यासारखी दिसते," मी म्हटलं आणि जीभ चावली.

लिंबानी, दोन वर्षांपूर्वी तुझ्या यादीतल्या चांदण्या मीच खोडल्या होत्या. तपासणीला साहेब येणार, यादी नीटनेटकी दिसावी, एवढंच. दुसऱ्या दिवशी यंत्र वाचेना. तू घाईत हाताने चिठ्ठ्या लिहिल्यास, दोन नळ्यांची अदलाबदल झाली. मरियमच्या पोरीला रक्त चढवायला अर्धा दिवस उशीर झाला. पोर वाचली, तुझी नोकरी गेली. "यादीला कुणीतरी हात लावलाय," तू सगळ्यांदेखत ओरडलास. मी तिथेच उभी होते. यादीची जुनी प्रत चढवल्यावर यंत्र चालू झालं, आणि सगळे म्हणाले, यादी लिंबानीच्याच हातून बिघडली.

मला काही ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. शंका तेव्हाच आली होती. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

आज दवाखान्याच्या मोठ्या बाईंना, न्यांगुलूबाईंना, सगळं सांगितलं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "हे लिहून दे." दिलं. नक्कल सोबत आहे. माझं काय ते सोमवारी ठरेल. आईला अजून बोलले नाही. आज जेवणं झाली की सांगेन, ते तुझ्यावर टाकणार नाही.

उत्तर लिहिताना 'ताई' लिहवत नसेल, तर नुसतं नाव लिही.

तियामिके