रिझाल, बोनिफासियो आणि आमची उर्वी

३ जून

कशी आहेस गं वही? शिवण उसवली नाही ना? या घरात कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून मीच विचारते. माझ्या लेकाची, संजीवची मान? लॅपटॉपकडे कायमची वळलेली. सूनबाई रुपालीचं पित्त? मीटिंगच्या वेळा पाहून उसळतं. माझा गुडघा? कुरकुरतो, पण निदान बोलतो तरी! आणि नात उर्वी — ठणठणीत. इतकी, की आज जेवताना म्हणाली, "आय ॲम जॉइनिंग द आर्मी."

संजीवचा घास हातातच. रुपाली म्हणाली, "आर्मी? म्हणजे बंदूक?"

नाही गं, लाटणं देतात!

पोरगी अठराची झाली. इथे अमेरिकेत मग आई-बापाची सही लागत नाही.

५ जून

दोघं माझ्या खोलीत आले. दार लावून! रुपाली म्हणाली, "आई, ती तुमचं ऐकते. तुम्हीच समजवा." अठरा वर्षं "आई, तुम्ही मध्ये पडू नका", आणि आज मध्ये पडायचं आमंत्रण! मानानं स्वीकारलं.

८ जून

दारूगोळा हवा होता, तो तळघरातल्या लॉन्ड्रीत मिळाला. शेजारची लिगाया फिलिपिन्सची, मनिलाची, चाळीस वर्षं नर्स होती. चादरीच्या घड्या घालता घालता म्हणाली, उर्वीला आमचा रिझाल सांग. डोळ्यांचा डॉक्टर. स्पेनचं राज्य होतं तेव्हा. यानं तलवारीला हात लावला नाही, नुसत्या कादंबऱ्या लिहिल्या — राज्य हादरलं! गोळ्या घालण्याआधी त्याची नाडी पाहिली म्हणे. नॉर्मल! हे सांगताना लिगायाचा चेहरा असा, जणू हिनंच पाहिली.

ज्याला मारायचं त्याची नाडी बघायची. केवढी ती सरकारची माया!

घरी येऊन उर्वीला म्हटलं, "बघ, कुणाला न मारता केवढा मोठा झाला!"

"आजी, दे शॉट हिम."

पहिला डाव गेला.

११ जून

लिगायाचा नवरा रुबेन बोनिफासियोच्या बाजूचा. हा त्यांचा दुसरा वीर, रिझालच्याच काळातला. आई-बाप गेलेले, धाकटी भावंडं गळ्यात. छड्या आणि कागदी पंखे विकून त्यांना पोसलं. शाळा सुटली, वाचन सोडलं नाही. मी सातवीवाली — कान टवकारलेच! यानं माणसं जमवली, स्पेनचे कराचे दाखले टराटरा फाडले, हातात कोयते घेतले. स्पेननं हद्दपार केलेल्या रिझालला सोडवायचा निरोपही धाडला. तो नको म्हणाला.

"मग याचं काय झालं?"

रुबेननं ड्रायरमध्ये डोकं घातलं. "अवर ओन पीपल," म्हणाला. पुढारी कोण यावरून भांडण. आपल्याच माणसांनी खटला चालवला आणि डोंगरात नेऊन मारलं.

म्हणजे शांत होता त्याला परक्यांनी मारलं, लढला त्याला आपल्यांनी. निवडा बाई, कुठला मार्ग हवा!

लिगाया म्हणाली, "रुबेनला विचारू नकोस. वीस वर्षं अमेरिकन नेव्हीच्या स्वयंपाकघरात बटाट्यांशी लढला!"

"समबडी हॅड टू, हनी," रुबेन म्हणाला आणि मोजे मोजत बसला.

१४ जून

रुपाली रडत होती. "हे हिच्या डोक्यात भरवलं कुणी?"

मी कपाटातून फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. महाराष्ट्र मंडळाची वेशभूषा स्पर्धा, पाच वर्षांची उर्वी, झाशीची राणी. तलवारीचा पुठ्ठा रुपालीनंच कापला होता. संजीवनं व्हिडिओ काढला. पहिलं बक्षीस! अख्ख्या हॉलचे डोळे ओले. वीर आम्हाला हवेतच हो — पण पुठ्ठ्याचे. टाळ्या झाल्या की माळ्यावर टाकता येतील असे.

रुपालीनं फोटो उलटा करून ठेवला. मग मलाच कसंतरी झालं. आलं घालून चहा करून दिला तिला. टाळ्या काय, मीही पहिल्या रांगेत बसून वाजवल्या होत्या.

१७ जून

गुडघा. बाकी काही नाही.

१९ जून

दुपारी उर्वी माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हटलं, "रिझाल की बोनिफासियो? एकदा ठरव बाई!"

हसली. "आजी, मला हीरो नाही व्हायचं. आय जस्ट वॉन्ट टू नो, मी घाबरते की नाही." मग माझी बोटं धरून म्हणाली, "उद्या साइन करायचंय. तू 'नको' म्हणालीस, तर मी नाही जाणार. प्रॉमिस."

इतके दिवस माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. पोरीनं लगामच माझ्या हातात दिला!

२० जून

सही झाली. संजीव म्हणाला, "आई, तू तरी काय करणार!" रुपालीनं खांद्यावर हात ठेवला. मी आमटी वाढत राहिले.

२६ ऑगस्ट

उर्वी गेली. तिकडे ट्रेनिंगला फोन काढून घेतात, आता नुसती पत्रं. सगळे म्हणतात, आजीनं जिवाचं रान केलं, पण पोरीनं ऐकलं नाही.

ऐकलं. मी "जा" म्हणाले होते.

उर्वे, मोडकंतोडकं मराठी चालेल. पण लवकर लिही गं.