पॅन्ट्रीचा डबा, नंबर तीन

३ फेब्रुवारी, सोमवार
नोकरी लागली! ठाण्यात, काचेच्या बिल्डिंगीत, सातव्या मजल्यावर, अख्खी पॅन्ट्री माझी एकटीची. मी नीला, मोहने गावची, चौथी पास. इथल्या वर्षाली मॅडमनी ही वही दिली. काय केलं ते रोज लिहायचं म्हणे. मी म्हटलं, चहा करते, त्यात लिहायचं काय? तरी लिहा म्हणाल्या. तर, बत्तीस कप चहा. ओटा घासला, मागची बाई घाणेरडी होती. खुंटीवरचा एप्रन अगदी मापात बसला. गरम होता, आत्ताच कोणी काढून ठेवल्यासारखा.

४ फेब्रुवारी
हे ऑफिसातले लोक कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिवसभर नुसते डबे आणि बाण काढतात. विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, यातून माहिती वाहते. डबा एकदाच बनवायचा. तोच बँकेला, तोच दवाखान्याला. आतली सेटिंग तेवढी बदलायची, नाव, गाव, आकडे. सुधारणा केली की नवा नंबर. जुना नंबर पुसायचा नाही. मी म्हटलं, एवढंच ना? आमचं वाटणही तसंच, कोंबडीला तेच, वालाला तेच, मीठ-तिखट वेगळं. संदेश नावाचा पोरगा म्हणाला, मावशीला टीममध्ये घ्या.

७ फेब्रुवारी
टेबलं पुसताना संदेशच्या पडद्यावर एक डबा दिसला. पॅन्ट्री, नंबर तीन. खाली नीला, मोहने, मुलगी रुचिता. रुचिताचं नाव मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. संदेश म्हणतो, फॉर्मवर असेल मावशी. कसला फॉर्म? मी अंगठासुद्धा दिलेला नाही. मॅडमनी येऊन पडदा बंद केला. काहीतरी लपवतात.

११ फेब्रुवारी
खणातल्या पेपराखाली दोन वह्या सापडल्या. एक रमाबाईची, ठाकुर्लीची. दुसरी सगुणाची, टिटवाळ्याची. सगुणाची उघडली. नोकरी लागली! बत्तीस कप चहा. मागची बाई घाणेरडी होती. वाटणाचंही तेच, माझ्या तोंडचं! फक्त मुलगी संचिता. रमाबाईचंही तसंच, मुलगा सुदेश. दोन्ही वह्या दुसऱ्या शुक्रवारी संपतात. दोन्हींचं ते शेवटचं पान करपलेलं. एकच ओळ उरलीय, तीही अर्धी. संचिता दारात उभी, म्हणते. सुदेश दारात उभा, म्हणतो.

१२ फेब्रुवारी
सगुणाच्या वहीमागे फोन नंबर होता. लावला. संचितानेच उचलला. म्हटलं, तुझी आई सगुणा कुठे असते गं? म्हणाली, कोण सगुणा? माझी आई मी तान्ही असतानाच गेली. तिचं नाव वेगळं होतं.
लगेच रुचिताला फोन केला. वैतागली, म्हणाली, आई, मी क्लासमध्ये आहे ना!
मला आई म्हणाली. बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी
त्यांच्यात नसेल असं काहीतरी लिहायचं ठरवलं. रात्री बोंबील तळणार आहे. घ्या. मग त्यांची दुसऱ्या गुरुवारची पानं पाहिली, तेच वाक्य — सगुणाने लिहिलंय कोळंबी. रमाबाईने वांगी.
एप्रन खुंटीला लावून आले. परत जाणार नाही. गरमच होता —

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
घरीच आहे. कडी लावलीय. सकाळी रुचिता नीट बोलली नाही, माझ्याकडे परक्यासारखी बघत राहिली, मग क्लासला गेली —
वही जाळायला काडी लावली. कड करपली आणि लक्षात आलं, त्या दोघींनीही — लगेच विझवली —
कडी वाजते. मीच उघडली —
रुचिता दारात उभी, म्हणते