कारखाना बंद असताना वाजणारी शिट्टी

सोमवार, ३ जून. कुरकुंभ.
लेकानं, अफताबनं, बापाला वडगाव रासाईहून उचलून आणलंच! खोली झकास, सूनबाई तहमीनाच्या हातचं कालवण त्याहून झकास. निघताना शेजारच्या झुंबरबाईला दम्याचा नवा पंप देऊन आलो. तिचा संपत तिला शिरूरला तपासायला नेणार होता. म्हटलं, चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेला मेहमूद मामा जिवंत असताना? मीही वर्षभर तोच पंप ओढतोय. इथं खोड एकच, समोरच्या कारखान्याची बारीक शिट्टी. वाफ गळत असणार. बाकी कुणाला ऐकू येत नाही म्हणे. कान मेलेत लेकाच्यांचे.

गुरुवार, ६ जून.
आज कारखान्यांना आठवड्याची सुट्टी. बॉयलर थंड. शिट्टी चालूच. खिडकी लावली, फ्रिज बंद केला, तरी चालूच. तहमीनानं माझ्या तोंडाजवळ कान आणला. मग हळूच म्हणाली, अब्बा, जरा श्वास रोखा बरं.
रोखला. शिट्टी थांबली.

शुक्रवार, ७ जून.
दौंडचा डॉक्टर म्हणजे काल मिसरूड फुटलेलं पोर. म्हणे, दम्याची शिट्टी श्वास सोडताना वाजते, तुमची घेताना वाजते. पुण्याला जाऊन दुर्बीण घालून श्वासनलिका बघा. म्हटलं, बाळा, तू रांगत होतास तवापासून छात्या ऐकतोय मी. रिक्षात तहमीना म्हणाली, "दुसऱ्यांच्या ऐकल्या, अब्बा. सोताची कवा ऐकली?" जिभेला धार आहे पोरीच्या.

सोमवार, १० जून.
आडवं होता येत नाही. पुण्याला नेलं. श्वासनलिकेत गाठ, लाखांत एखाद्याला होते. वाट उरलीय शहाळ्याच्या नळीएवढी. दुर्बिणीतून गाठ कोरायची, मग तेवढा तुकडा कापून नलिका सांधायची. बरे व्हाल म्हणाले, पण आजच दाखल व्हा. शिट्टीला भिऊ नका, ती थांबली तर भ्या. मी शहाणा! दवाखान्याची पेज कोण गिळणार, शुक्रवारी येतो म्हणून परतलो.

बुधवार, १२ जून.
वर्षभर गाठीला पंप पाजला. थू त्या कंपाउंडरकीवर! बसूनच झोप. आणि आज आठवलं — झुंबरबाईची शिट्टी. तीही श्वास घेतानाच — मी ऐकली होती. ऐकून पंप दिला. संपतला फोन लावला. बोलायला दम पुरेना. तो हॅलो हॅलो करत राहिला —

गुरुवार, १३ जून.
सुट्टी. सगळं गप्प. तहमीना रिक्षा आणायला पळालीय — बोलवत नाही, लिहितो — संपत, आईला पंप नको — मी चुकलो — तिला आजच ने, दुर्बीण — शिट्टी बारीक झाली — आणखी बारीक — संपत, आजच — आता वाजत ना