रिकामा खिळा

प्रिय शाई,

तू एक पाऊल मागे सरकलीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. प्राचार्य सर काय म्हणाले, मी काय म्हणालो, ते आता कुणी विचारलं तर मला धड सांगताही येणार नाही. पण ते पाऊल आत्ताही दिसतं. मी सरांच्या केबिनमधून बाहेर आलो, दार असं आपटलं की त्याची काच खळकन खाली आली, आणि समोर तू उभी होतीस, चित्रांची गुंडाळी छातीशी धरून. काचा पायाशी आल्या म्हणून तू मागे सरकली असशील, अशी मी पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. पण तू काचांकडे बघत नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस.

भांडलो त्याचं मला आजही काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तू कॉरिडॉरमध्ये लावलेली चित्रं सरांनी शिपायाकडून ओरबाडून काढायला लावली. वर म्हणाले, फ्रेम नाही, काच नाही, चिकटपट्टीने लावलेला कागद म्हणजे पोस्टर, ते लावायला बाहेर विजेचे खांब आहेत. मी तावातावाने आत गेलो. तू अकाउंट्सचा विद्यार्थी, तुझा चित्रांशी काय संबंध, असं त्यांनी विचारलं. खरं तर प्रश्न रास्त होता. माझ्याकडे त्याचं सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणूनच तर मी ओरडलो. मग त्यांनी फर्मावलं की फुटलेली काच बसवून दे आणि मगच वर्गात बस. मी म्हटलं, काच बसवून देतो, वर्गात बसत नाही. असली वाक्यं टाकताना फार भारी वाटतं. तीच घरी जाऊन बाबांना सांगताना तितकं भारी वाटत नाही.

काच आणायला म्हणून ज्या दुकानात गेलो, तिथेच मी आजवर आहे. बाहेर पाटी काच-आरशांची, आत निम्मं दुकान फ्रेमचं. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांनी काच कापायची हिरकणी काचेवर ओढली, बारीक चर्र आवाज झाला, खालून टिचकी मारली आणि काच एका रेषेत दोन झाली. मी नुकताच एक काच फोडून आलो होतो, त्यामुळे माझा थोडा अपमानच झाला. काच अशीही तुटते, हे मला ठाऊक नव्हतं. काकूंनी विचारलं, काच न्यायला आलायस की गंमत बघायला? मी काम मागितलं. कॉलेज सोडून आलोय कळल्यावर त्यांनी माझं नाव विचारायची तसदीही घेतली नाही. कॉलेजकुमार म्हणायला लागल्या, तेच नाव आता सगळ्या गल्लीत झालं आहे. फुशारकीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. भिंत पडेल पण माझी फ्रेम पडणार नाही, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. काच फुटली तर दोष कारखान्याचा, लाकडाची पट्टी वाकडी कापली गेली तर झाडाचा. आणि तापट तर अशा की विचारू नकोस. दुकानात माझ्यापेक्षा तापट माणूस आधीच होतं, त्यामुळे मला शांत राहण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

फ्रेमच्या चार पट्ट्यांची टोकं तिरकी कापावी लागतात, तेव्हा कुठे कोपरे एकमेकांना मिळतात. मी घाईत कापायचो. तीन कोपरे मिळायचे आणि त्या तिन्हींतली चूक गोळा होऊन चौथ्यात फट पडायची. त्या फटीत मेण भरून मी साळसूदपणे फ्रेम पुढे करायचो. काकू नखाने मेण खरवडून काढायच्या आणि शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात माझी अक्कल काढायच्या. एकदा मीही उलट ओरडलो. त्यांनी काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “ओरड हवा तेवढा. कोपरा मिळाला की मला हाक मार.” गुण्यावर ओरडून काही होत नाही, शाई. मी करून पाहिलं आहे.

मग त्या दिवशी तू आलीस. मी मागे आरसा पुसत होतो, तुला दिसलो नाही. तू काकूंना सांगत होतीस की कॉलेजच्या हॉलमध्ये चित्रं लावायची परवानगी मिळाली आहे, पण फ्रेम आणि काचेशिवाय एकही चालणार नाही, असा नियम आहे. आणि पाळीपाळीने प्रत्येकाची चित्रं बघून सरच ठरवणार आहेत की मोठ्या छापखान्यात वर्षभर शिकायला कुणाचं नाव पाठवायचं. काकूंनी दर सांगितला. तू घासाघीस केली नाहीस. नुसती गुंडाळी पुन्हा बांधायला लागलीस, आणि तुझी ती कायम काळी असलेली बोटं, ज्यांच्यावरून मी तुझं नाव शाई ठेवलं, गाठ चुकवायला लागली. मी तसाच पुढे आलो. म्हटलं, “ठेवून जा.”

“तू करणार?”

“मीच करणार.”

तू गुंडाळी काउंटरवर ठेवलीस, पण हात उचलला नाहीस. “रागात नको करूस,” म्हणालीस आणि गेलीस. इतक्या महिन्यांनी एवढंच बोललो आपण. तू गेल्यावर काकूंनी विचारलं, हिच्या फ्रेमचं तुझ्या पगारातून कापू, की तूच कापून घेतोस? माझे कान लाल झाले होते म्हणे.

नव्या पट्ट्या घेणं शक्यच नव्हतं, म्हणून जुन्या फ्रेमच्या मागे लागलो. लोक आपला फोटो नव्या फ्रेममध्ये घालून घेतात आणि जुनी दुकानातच टाकून जातात. भंगारवाल्याकडे तर ढीग होता. एकीत टाय घातलेलं मांजर होतं, एकीत कुणाचं तरी उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र, एकीवर नुसतंच ‘आमचं सुखी कुटुंब’ छापलेलं आणि कुटुंबाचा पत्ता नाही. मोठ्या फ्रेम कापून लहान केल्या, किडलेल्या बाजू काढून टाकल्या, सगळ्या घासून एकच मंद काळा रंग दिला. आता त्या वेगवेगळ्या घरांतून आल्या आहेत, असं कुणाला खरं वाटणार नाही. काकूंनी मायेने एकीला सोनेरी रंग फासून ठेवला, शोभा यावी म्हणून. तो खरवडण्यात माझी अख्खी दुपार गेली, आणि त्या दुपारी मी चिडलो नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

काचा पाडलेल्या घराच्या खिडक्यांच्या आहेत, ओरखडा नाही तेवढाच भाग कापून घेतला. चित्र काचेला टेकून चालत नाही, दमट हवेत शाई काचेला चिकटते. मध्ये जाड पुठ्ठ्याची पोकळ चौकट हवी, तिला माउंट म्हणतात. त्याचे तावही स्वस्त नाहीत, पण मोठ्या माउंटमधून कापून निघालेला तुकडा लहान चित्राला पुरतो, आणि त्याच्या पोटातला त्याहून लहानाला. रुंद माउंटमध्ये तुझं तळहाताएवढं चित्रसुद्धा असं ऐटीत बसलं आहे की जवळ जाऊन बघावंच लागतं. खालची बाजू वरच्यापेक्षा जराशी रुंद ठेवतात. सारखी ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला हे कळत नाही, त्याला नुसतंच बरं वाटतं. आणि चित्र चिकटवायचं नाही. वरच्या कडेला कागदी पट्टीचे दोन तुकडे, बिजागरीसारखे, बाकी सगळं मोकळं. कागद हवेप्रमाणे फुगतो, आखडतो. चारी बाजूंनी आवळून धरला की त्याला सुरकुत्या पडतात. हे शिकताना मला तुझी फार आठवण आली. त्याहून जास्त लिहीत नाही.

एक चित्र उरलं. कोणतं, ते तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी तू ऑफिसच्या जिन्यावर बसून रांगेतली माणसं काढायचीस आणि मग लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर छापायचीस. त्यातलं एक भिंतीवर बघून मी थांबलो होतो. फीच्या खिडकीसमोर ताठ उभा असलेला माणूस, पाकीट दोन्ही हातांनी धरलेलं, जसं काही कुणी हिसकावून नेणार आहे. मी तुला म्हटलं, हे माझे बाबा आहेत. तू कावरीबावरी होऊन विचारलंस, काढून टाकू का. मी म्हटलं, हात तर लावून बघ. आपली ओळख ही अशी झाली. तेव्हापासून माझं काय झालं, ते सगळ्या कॉरिडॉरला कळलं होतं, तुलाच जरा उशिरा कळलं.

आता त्या चित्राच्या फ्रेमची गोष्ट ऐक. मी कॉलेजात गेलो त्याच आठवड्यात बाबांनी माझ्या पदवीसाठी फ्रेम करून आणली होती. पदवीला अवकाश होता, पण खिळा ठोकून समोरच्या खोलीत लावलीसुद्धा. रिकामी बरी दिसत नाही म्हणून आईने तिच्यात कॅलेंडरवरचा धबधबा घातला. मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलायचे ते आईमार्फत. त्याला सांग जेवून घे, त्याला सांग पंखा बंद कर. मी समोरच बसलेला असायचो. तर एकदा जेवताना मी आईला सांगत होतो की सगळं जमलं, पण एका चित्राला फ्रेम कमी पडते आहे. बाबा ताटावरून उठले, स्टुलावर चढले, ती फ्रेम उतरवली, बाहीने धूळ पुसली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. आईला नाही, मला म्हणाले, “धबधबा बघून कंटाळा आला. घेऊन जा.” आई पुढे पोळी वाढायची विसरली. ती एक फ्रेम मी काळी केली नाही. तांबूस पॉलिश, आतून सोनेरी रेघ, बाबांनी निवडली तशीच आहे. तिच्यात कोणतं चित्र बसवलं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

आज दुपारी ते स्वतःहून हॉलवर आले, ओझं उचलायला म्हणून. मी खिळ्यांसाठी भिंतीवर खुणा करत होतो, ते दोरीचं टोक धरून उभे होते. शेवटी जुन्या चादरीत गुंडाळलेली त्यांची फ्रेम उघडली आणि भिंतीला लावली. बाबा समोर उभे राहिले. मी हातोडी पुसत बसलो, तिला पुसण्यासारखं काही नसतानाही. मग ते म्हणाले, “एवढं बारीक बघत होती, तर तेव्हाच सांगायचं नाही का तिने, की बुटाची नाडी सुटली आहे?” मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच सुटलेली आहे. इतके दिवस ते चित्र मी डोळ्यांत साठवून फिरतोय, मला ती कधी दिसली नव्हती. मग बाबांनी फ्रेमचा एक कोपरा उगाच वर सारला. ती सरळ होती, ती तिरपी झाली. जाताना दाराशी वॉचमनला सांगत होते, हे सगळं आमच्या चिरंजीवांचं काम. वॉचमनने विचारलं, चित्रं? बाबा म्हणाले, छे हो, चित्रं काय कुणीही काढतं. फ्रेम. तू रागावू नकोस. मी मात्र त्यानंतर थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

ती फ्रेम पुन्हा सरळ केली आहे. आता हॉलमध्ये मी एकटाच आहे, उन्हं उतरली आहेत. तुझी सगळी चित्रं नजरेच्या उंचीवर, एका ओळीत, तुझ्या रांगांसारखीच. शाई, फार देखणं दिसतंय गं. सर उद्या काय ठरवतील ते ठरवोत, पण पोस्टर म्हणायला त्यांची जीभ रेटणार नाही. तू आत्ता असतीस तर मी हेच शंभरदा सांगितलं असतं आणि तुला वैताग आणला असता.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. दाराशेजारी तू लावून गेलेली छोटी पाटी मी पाहिली. स्वतः कोरून छापलीस. वर ‘फ्रेम’, खाली माझं नाव, आडनावासकट. मी ती काढून घेतली आहे. उद्या सर याच दाराने आत येतील, पहिलं माझं नाव वाचतील, आणि मग त्यांना तुझ्या रांगा दिसणार नाहीत, आपल्या केबिनची काच दिसेल. तुझं नाव पुढे जाणं माझ्या नावावर अडायला नको. म्हणून उद्या मीही येणार नाही. ते काही बोलले तर मी गप्प बसेन, असं छातीठोकपणे सांगता येत नाही, तेवढी मजल अजून गेलेली नाही. पण मी हिरमुसून चाललोय असं समजू नकोस. माझं नाव छापलेली ही माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू, आणि ती तू छापली आहेस. तिला मी फ्रेम करणार आहे. समोरच्या खोलीत बाबांचा खिळा रिकामा झाला आहे, त्यावर लावणार आहे. हे पत्र एखाद्या चित्राच्या मागे लपवून ठेवायचं माझ्या मनात होतं, कधीतरी फ्रेम उघडशील आणि तुला सापडेल म्हणून. पण हा वहीचा स्वस्त कागद, चित्राला लागून राहिला तर त्याचा पिवळेपणा तुझ्या कागदात उतरेल. तुझं चित्र खराब करून मला प्रेम सांगायचं नाही. म्हणून तुझ्या पाटीच्या खिळ्यावर अडकवून ठेवतोय, तू सगळ्यांच्या आधी येशील हे मला ठाऊक आहे. दुकान तुला माहीत आहे, यावंसं वाटलं तर ये, मी समोरच असेन. आता उठतो. या हॉलचं दार स्प्रिंगचं आहे, सोडलं की आपलं आपण दणकन आपटतं आणि खिळ्यांवरच्या फ्रेम हलतात. बाहेर पडल्यावर मी ते हाताने शेवटपर्यंत धरून लावणार आहे. सकाळी एकही फ्रेम तिरपी दिसली नाही, तर समज, दार मी लावलं.

तुझाच,
कॉलेजकुमार