मापाचा ब्लाउज

रविवार, ९ नोव्हेंबर

आले एकदाची हैदराबादला! नवी नोकरी, नवं शहर आणि सिकंदराबादमधलं हे हवेशीर घर. माझी खोली वरच्या मजल्यावर, खिडकीत कडुलिंब. घरमालकीण सत्यवतीबाई खाली राहतात आणि बायकांचे कपडे शिवतात. चार पिढ्या इथल्याच, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' सुखाने नांदतात. आल्या आल्या त्यांनी खट्टी दाल आणि भात वर पाठवला, चिंच अगदी सढळ हाताने. शेजारच्या खोलीत केतकी, वय चोवीस, भारी बडबडी. तासाभरात तिचं सगळं खानदान मला पाठ झालं. बॅगा उघडल्यावर कळलं, आईचेही चार कपडे माझ्या कपड्यांत येऊन पडलेत. मंदार, म्हणजे नवरा, नव्या वर्षात येईल. तोवर मला आणखी एक काम उरकायचंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ते काम हे. दीड वर्षापूर्वी पुण्यात मी हौसेने स्तन मोठे करून घेतले. हौसेला मोल नसतं म्हणतात; मोल असतं, ते नंतर कळतं. उजवा छान झाला. डावा दगडासारखा घट्ट आणि दोन बोटं वर चढलेला. कुशीवर वळले की कळ येते. मंदार म्हणतो, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. म्हणताना तो उजवीकडेच बघतो.

आज इथल्या डॉक्टरांना दाखवलं. सरळ माणूस. आतल्या इम्प्लांटभोवती शरीराने केलेलं आवरण आवळलंय म्हणाले. पुन्हा उघडायचं, जुनं काढायचं, नवं बसवायचं. सुधारेल, बिघडूही शकेल, नीट विचार करून या. मी विचार करतेय. पुन्हा ती भूल, पुन्हा ते टाके, याची भीती वाटते. पण आरशासमोर उभी राहिले की वाटतं, आत्ताच्या आत्ता कापा आणि दोन्ही एकसारखे करून द्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न आहे, म्हणून सत्यवतीबाईंकडे ब्लाउज टाकला. त्या टेप घेऊन पुढे आल्या आणि मी दोन पावलं मागे सरले. परक्या बाईने माझ्या छातीभोवती टेप गुंडाळून चुकचुकायचं? नकोच. वर जाऊन बॅगेतला हिरवा खणाचा जुना ब्लाउज आणला आणि मापाला दिला. बाई उलट खूश झाल्या. त्यांच्या मते टेप खोटं बोलते, मापाचा ब्लाउज कधी बोलत नाही. माझ्या नावाची चिठ्ठी टाचणीने लावून त्यांनी तो फळीवर ठेवला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नवा ब्लाउज घालून पाहिला. उजवी बाजू ठीक, डावी मात्र सपाट शिवलेली! हुक लागेना. मग डोक्यात प्रकाश पडला. हिरवा ब्लाउज आईचा. आम्ही दोघींनी एकाच ताग्यातून ब्लाउज शिवून घेतले होते, आणि कर्करोगात आईचा डावा स्तन काढल्यावर तिने आपल्या ब्लाउजची ती बाजू आत घेतली होती.

मी हसत हसत चूक सांगितली. बाई हसल्या नाहीत. कापड कापून झालंय, म्हणाल्या, आणि कापलेलं कापड काही वाढत नाही. मापात फरक निघाला तर त्या कापडाला हात लावत नाहीत, बाईला लावतात. मला वाटलं चेष्टा. त्यांनी हिरवा ब्लाउज उचलला, डावीकडे चिमूट धरली आणि एक टाका घातला.

संध्याकाळी कपडे बदलताना पाहिलं तर डावा स्तन मऊ! खाली आलेला, उजव्याच्या बरोबरीला! दुखतही नाही. मी खोलीत एकटीच नाचले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बरोबरीला थांबला नाही. अजून उतरतोय. काल बाईंनी हिरव्याला आणखी दोन टाके घातले.

सोनोग्राफी केली. डावीकडे इम्प्लांट दिसतच नाही. डॉक्टर चिडले. कुणाकडून काढून घेतलंत, लपवता कशाला, म्हणाले. काय सांगू त्यांना?

गुरुवार, २० नोव्हेंबर

हुक लागले. सगळे.

डावीकडे आता काही नाही. सपाट कातडी आणि एक आडवा व्रण. आईचा व्रण. ऑपरेशननंतर तिला अंघोळ मीच घालायचे, मी ओळखते तो.

बाईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "नक्को रडू बाई, फिटिंग किती सुरेख आलंय बघा." एका गिऱ्हाइकाला एकच माप. ज्या ब्लाउजवर चिठ्ठी, तेच. चिठ्ठी त्या बदलत नाहीत.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारी बाई बेगम बाजारात अस्तर आणायला गेल्या. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं.

खिडकीखालच्या टोपलीत केतकीच्या नावाचा मोरपंखी ब्लाउज होता. दोन्ही बाजू एकसारख्या. तिचं माप. मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

काय होईल ते मला ठाऊक होतं. केतकीचं अजून लग्न व्हायचंय, तेही ठाऊक होतं. तरी केली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दोन्ही एकसारखे! सुंदर! व्रण गेला!

केतकी आली, रडत. कुर्ता वर करून, ताई, बघा ना, म्हणाली. मी पाहिलं. मग तिला सांगितलं, काही झालेलं नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत. ती बिचारी माझे आभार मानून गेली.

रविवार, २३ नोव्हेंबर

केतकी सकाळी आईकडे निजामाबादला निघाली. जाताना मला एक काम सांगून गेली. टोपलीतला तिचा मोरपंखी ब्लाउज बाईंकडून आणून ठेवायचा. तिच्या बहिणीला बाळ झालंय, त्या रेशमाचं झबलं शिवायचंय.

तो मापाला दिलेला नव्हता. उसवायला दिला होता.

केतकीच म्हणाली, त्या टोपलीत सगळे उसवायचेच — आणि उसवायचं काम बाई रविवारी —

खाली धावले. वही हातात तशीच. दार आतून लावलेलं. बडवलं, ओरडले, चिठ्ठी चुकलीय म्हटलं. आतून आवाज आला, "हौ बाई, तुमचंच चाललंय. दोन मिनटं बसा."

जिन्यात बसलेय. उजव्या खांद्याची शिवण — रक्त नाही, दुखत मात्र — आई गं —

उजवा हात लोंबतोय. डाव्याने लिहितेय. आता काखेतून खाली कमरेपर्यंत, एकेक टाका — आत त्या दोरा ओढतात, फुंकर मारतात, मला इथे जाणवतं —

बाई, थांबा, तो माझा नाही, केतकीचा — ती चिठ्ठी मीच —

डाव्या खांद्याला पातं लाव